दमलो म्हणायला लाज कसली?

चिकनगुनिया होऊन गेला की सांधे महिनोन् महिने धरतात, हे आपल्या कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पटतं. जिना उतरताना कुणी कण्हलं तर "चिकनगुनिया झालता काय?" असं आपणच विचारतो, वर निरगुडीचा पाला सुचवतो. कोरोना बरा झाल्यावर महिनोन् महिने रेंगाळणाऱ्या त्रासाच्या, म्हणजे लाँग कोविडच्या, वाट्याला मात्र हा समजूतदारपणा कधी आलाच नाही. "रिपोर्ट निगेटिव्ह आला न्हवं? मग झालं की!"

माझे धाकटे दीर शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला होते. 2021 च्या दुसऱ्या लाटेत घरीच बरे झाले, ऑक्सिजनसुद्धा लागला नाही. खरं दुखणं कामावर गेल्यावर सुरू झालं. एक शिफ्ट ओढली की पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठवेना. बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही. रक्त, ईसीजी, एक्स-रे सगळं नॉर्मल, आणि आपल्याकडं रिपोर्ट नॉर्मल आला की माणूस खोटा ठरतो. "मनाचं आहे" इथपासून "कामाचा कंटाळा" इथपर्यंत सगळं ऐकून झालं. तालमीतल्या दोस्तांचं फर्मान वेगळंच: पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मार, गंगावेशीत धारोष्ण दूध पी, उभा राहतोस बघ!

माया खरी होती, सल्ला घातक होता. माझं भांडण या "घाम गाळ, ताकद येईल"शीच आहे. लाँग कोविडच्या बऱ्याच पेशंटमध्ये श्रमानंतर त्रास उलट वाढतो, तोही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. त्यामुळं चूक लक्षातच येत नाही. अशा माणसानं दमायच्या आधी थांबायचं असतं. काम तोडून तोडून करायचं, मध्ये पडायचं. जोर-बैठकांच्या गावात हे सांगणं म्हणजे अपमान वाटतो, पण औषधाइतकंच ते महत्त्वाचं.

दुसरा गैरसमज कोरोनाच्या लसीबद्दलचा. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) 2023 चा अभ्यास तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल होता, वय 18 ते 45. लसीमुळं धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. धोका वाढलेला दिसला तो कोरोनासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलेल्यांत, घराण्यात अचानक मृत्यू झालेल्यांत, बेसुमार दारू पिणाऱ्यांत आणि नुकतेच अतिजोराचे श्रम केलेल्यांत. आमच्या गल्लीत अजून सगळं खापर लसीवरच फुटतं. लसीनं लाँग कोविडची शक्यता कमी होते, हे कुणी ऐकूनच घेत नाही.

आता दुसरी बाजू. दमायला झालं की लगेच कोरोनाच्या नावावर टाकायचं, हेही नको. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची व्याख्याच सांगते की त्रास साधारण लागणीनंतर तीन महिन्यांनीही असावा, किमान दोन महिने टिकलेला असावा आणि दुसऱ्या कारणानं त्याचा उलगडा होत नसावा. म्हणजे आधी साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघा, खोकला-ताप-वजन घटणं असेल तर टीबी तपासा. कोरोनात स्टेरॉइड घेतलेल्यांना जांघेत दुखत असेल तर खुब्याचा एमआरआय विचारा, कारण हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला सुरुवातीच्या एक्स-रेत दिसत नाही. उभं राहिलं की धडधडतं? आडवं पडून नाडी मोजा, मग दहा मिनिटं उभं राहून मोजा. मोठ्या माणसात ठोके तीस किंवा जास्त वाढून तसेच राहत असतील तर ते आकडे डॉक्टरांना दाखवा. लाँग कोविड पकडणारी एकच अशी तपासणी नाही, म्हणून पेशंटचं सांगणं नीट ऐकणारा डॉक्टर लागतो. (तो मिळाला तर पत्ता जपून ठेवा!)

पण विश्रांती परवडते कुणाला? इचलकरंजीत मागावर मीटरवर मजुरी आहे, मध्ये पडलं की कापड कमी, आठवड्याचा पगार कमी. घरात बायका आजारी पडल्या तर भाकरी थापायचं कुणी थांबवत नाही. आमचे भाऊजी आता स्टोअरला बसतात, पगार घटला, पण काम टिकलं, कारण त्यांच्या सुपरवायझरनं शब्द टाकला. एमआयडीसीतल्या मालक मंडळींनी हे सुपरवायझरच्या मर्जीवर सोडू नये. डॉक्टरांची चिठ्ठी आणली तर काही महिने हलकं काम आणि शिफ्टमध्ये बसायची सुट्टी, एवढं लेखी द्यावं.