वध, हत्या आणि वर्गातला कागद

‘घरात घुसून मारलं, बरं केलं. त्यात वर्गात बसून चर्चा कसली करायची?’ दुसऱ्या देशात राहणाऱ्या शत्रूला सरकारने तिथे जाऊन ठार मारावं का, या मायदेशातल्या वादांमध्ये हे वाक्य इतक्यांदा येतं की आता गप्प बसवत नाही. त्याच्या पाठोपाठ येतं, ‘अमेरिका मारते, इस्रायल मारतो, त्यांना कोण विचारतं?’ आणि शेवटी अफझलखान येतोच.

खानापासूनच सुरुवात करू. १६५९ साली तो प्रतापगडाखाली आला तो चालून आलेल्या आदिलशाही फौजेचा सेनापती म्हणून, आणि पहिला वार त्याचाच होता असं आपल्या बखरी सांगतात. युद्ध चालू असताना शत्रूच्या सेनापतीला लक्ष्य करायला आजचा युद्धकायदाही आडकाठी करत नाही. वाद उरतो तो एवढाच, की भेटीच्या निमित्ताने दगा कोणी केला. दुसऱ्या देशातल्या शांत शहरात राहणाऱ्या, अंगावर गणवेश नसलेल्या माणसाला गुपचूप मारण्याला या उदाहरणाचा काडीचाही आधार मिळत नाही. तरी ते पुढे केलं जातं, कारण ‘वध’ हा शब्द. मराठीत वध दुष्टाचा होतो. शब्द निवडला की निकाल लागला, पुढे बोलायला काही उरत नाही. ‘गांधीवध’ म्हणणारे हेच करतात.

इथे ब्रिटनमध्ये सेमिनारला हा विषय घेतात तेव्हा आधी नावं वगळलेला एक कागद वाटावा लागतो. देश नाही, धर्म नाही, फक्त घटना. मग क्रमाने प्रश्न. तिथे सशस्त्र संघर्ष चालू होता का? नसेल तर युद्धाचे नियम लागूच होत नाहीत. पोलिसांना लागू असलेले नियम लागतात, आणि त्यांत जीव घेणं हा अगदी शेवटचा उपाय. संघर्ष असेल तर हा माणूस लढणारा होता, की नुसता पैसे पुरवणारा, भाषणं ठोकणारा? ज्या देशात मारलं त्याची संमती होती का? नसेल तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ५१, म्हणजे स्वसंरक्षण, खरोखर लागू होतं का? आजूबाजूची किती माणसं मरतील असा अंदाज होता? आणि नंतर चौकशी कोणी केली?

एका वेळी एकच तपशील बदलायचा. तोच माणूस आधी युद्धक्षेत्रात ठेवायचा, मग पोलीस त्याला सहज धरू शकतील अशा शहरात. उत्तरं बदलतात, आणि का बदलली हे मुलांना स्वतः सांगावं लागतं. नावं शेवटच्या दहा मिनिटांत.

चुका ठरलेल्या असतात. सगळ्यात मोठी चूक प्रमाणशीरपणाची. ‘त्यांनी आपले चाळीस मारले, मग इथे दहा नागरिक गेले तर काय बिघडलं?’ कायदा मागच्या हल्ल्याशी हिशेब जुळवत नाही. याच हल्ल्यातून मिळणारा ठोस लष्करी फायदा आणि नागरिकांची अपेक्षित हानी, एवढंच तो तोलतो. दुसरी चूक ‘तातडीचा धोका’ हा शब्द रबरासारखा ताणण्याची. ही मात्र विद्यार्थ्यांनी सरकारांकडूनच उचलली आहे.

आता ‘कोण विचारतं?’ १९८८च्या मार्चमध्ये जिब्राल्टरला, म्हणजे स्पेनच्या टोकाला असलेल्या ब्रिटिश प्रदेशात, ब्रिटिश सैनिकांनी आयआरएच्या (उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता उलथवू पाहणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या) तिघांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या. तिघांकडेही शस्त्र नव्हतं, आणि त्यांनी उभ्या केलेल्या गाडीत बॉम्ब नव्हता. दोन दिवसांनी स्पेनमध्ये स्फोटकांची गाडी सापडली, म्हणजे बेत खराच होता. तरी १९९५ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दहा विरुद्ध नऊ मतांनी ब्रिटनला दोषी धरलं. गोळी घालणाऱ्या सैनिकांचा समज प्रामाणिक होता, हे न्यायालयाने मान्य केलं. दोष काढला तो आखणीत. तिघांना सीमेवरच का अडवलं नाही? अंदाज चुकलेले असू शकतात याची सोय का ठेवली नाही? बटण दाबलं की स्फोट होणार, असं सैनिकांना ठाम सत्य म्हणून का सांगितलं? तिघांच्या कुटुंबांना भरपाई मात्र नाकारली, कारण ते बॉम्ब पेरायलाच आले होते. मेलेला माणूस वाईट होता हे मान्य करूनही मारणाऱ्याला जाब विचारता येतो, हे वर्गात दाखवायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही.

इस्रायललाही विचारलं गेलं, त्याच्याच सर्वोच्च न्यायालयात. २००६च्या निकालात अटी घातल्या गेल्या: माहिती खात्रीची हवी, अटक शक्य असेल तर अटक, नंतर स्वतंत्र चौकशी. अटी पाळल्या जातात का, हा वेगळा आणि कडवट विषय आहे. अमेरिकेत मुलाचं नाव मारायच्या यादीत आहे म्हणून अन्वर अल-अवलाकी या अल-कायदाशी जोडलेल्या अमेरिकी नागरिकाचे वडील न्यायालयात गेले. डिसेंबर २०१० मध्ये न्यायाधीशांनी खटला ऐकायलाच नकार दिला. पुढच्या सप्टेंबरात मुलगा येमेनमध्ये ड्रोनहल्ल्यात गेला, आणि दोन आठवड्यांनी सोळा वर्षांचा नातूही. तेव्हा ‘इथे सगळं कायद्याने चालतं’ असा तोरा मिरवण्यात अर्थ नाही. मला तो मिरवायचा मोह होतो, हे खरं आहे.

मायदेशातल्या मंडळींना आपल्याच घरातला ऐवज मात्र दिसत नाही. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या ९९ चकमकींमधून उभं राहिलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१४ साली सोळा सूचना निघाल्या. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, आणि चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नका. या चकमकी देशातल्या होत्या आणि सीमेपलीकडच्या कारवाईला त्या सूचना लागू नाहीत, पण प्रश्न विचारायची पद्धत तीच आहे. मराठी वर्गात जिब्राल्टरच्या शेजारी हा निकाल ठेवला पाहिजे.

आता जे सांगायला जड जातं ते. २०२३च्या सप्टेंबरात कॅनडाच्या पंतप्रधानांनी तिथल्या एका खलिस्तानवादी नागरिकाच्या हत्येबाबत भारताकडे बोट दाखवलं आणि भारताने आरोप साफ फेटाळला. कागदावरून नावं उघडल्यावर त्या प्रकरणात भारताचं नाव निघतं, तेव्हा माझ्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘पुरावा कुठे आहे?’ प्रश्न रास्तच आहे. पण अमेरिकेचं किंवा इस्रायलचं नाव निघतं तेव्हा तो इतक्या चटकन येत नाही. इतकी वर्षं बाहेर राहूनही ‘आपण’ म्हणताना मी कुठे उभा असतो, ते तिथे मला कळतं. म्हणून पुराव्याचा प्रश्न त्या कागदावर सगळ्यात वर हवा, नावं उघडण्याच्या आधी, प्रत्येक देशासाठी.