गाडीला बाहेर कोणी फेकत नाही
कात्रज घाटाच्या वळणावर अपकेंद्री बल, म्हणजे केंद्रापासून बाहेर ढकलणारं बल, दुचाकीला बाहेर फेकतं, असं तुमच्या लेखात म्हटलंय. इथेच घोळ होतो. रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं तर बाहेर ढकलणारं बल कुठलंच नसतं. गाडीला आत वळवणारं घर्षण कमी पडतं, म्हणून ती स्पर्शिकेच्या दिशेने, म्हणजे त्या क्षणी तोंड आहे तिकडे, सरळ जाऊ पाहते. 20 मीटर त्रिज्येचं सपाट वळण आणि ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेग धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की त्वरण 5 मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. ते गुरुत्व त्वरण 9.8 ने भागलं की कळतं, घर्षण गुणांक, म्हणजे रस्त्याच्या पकडीचा आकडा, किमान 0.51 लागतो. कोरड्या डांबरावर साधारण 0.7 मिळतो, भागतं. पावसात तो 0.4 वर आला, तर वेग ताशी 32 च्या आतच हवा. वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं, त्यामुळे मागे कोणी बसलं तरी आकडा तोच!

बारावीची मुलं बलांच्या आकृतीत वजन, रस्त्याची लंब प्रतिक्रिया (रस्ता गाडीला वर रेटतो ते बल) आणि घर्षण दाखवून शिवाय अभिकेंद्री, म्हणजे केंद्राकडे खेचणाऱ्या, बलाचा चौथा बाण काढतात आणि तिथेच गणित चुकतं. इथे घर्षण हेच अभिकेंद्री बल. गोफणीत ते काम दोरीचा ताण करतो. तुमच्या आकृतीतही तो चौथा बाण आहे, तेवढा कृपया खोडा.