कोण कोणाला सांभाळणार?

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या भाचीने सध्या दोन घरांची झोप उडवली आहे. ती कबड्डीपटू आहे. एका कार्यालयाच्या संघातून शिष्यवृत्तीवर खेळत होती आणि सरकारी नोकऱ्यांतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाकडे घरचे डोळे लावून बसले होते. एका सामन्यात चढाई करून परतताना डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूने तिचा घोटा धरला, गुडघा पिळला गेला आणि आतला लिगामेंट तुटला. आता ती ज्याच्याशी लग्न करायचे म्हणते तो मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहे. गिरगावातल्या खोलीच्या पोटमाळ्यावर तो दिवसभर सर्किटे जोडत बसतो आणि लॅमिंग्टन रोडवरची ठरावीक दुकाने सोडली तर फारसा कुठे जात नाही. मी न्यू जर्सीत राहते. नातेवाइकांच्या ग्रुपवर या लग्नाचा जो काथ्याकूट चालला आहे तो रोज सकाळी वाचते.

त्यांची भेट कशी झाली, हे त्या चर्चेत कोणी फारसे विचारलेले नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघा हळूहळू वाकवणारे यंत्र घरी भाड्याने आणतात. तिच्या यंत्राची मोटर कुरकुरू लागली म्हणून मालकाने या मुलाला दुरुस्तीला पाठवले. तो दारात उभा राहून, कोणाकडेही न पाहता, ‘हा आवाज मला सहन होत नाही’ एवढेच म्हणाला आणि यंत्र उचलून घेऊन गेला. परत आणले तेव्हा मोटरखाली रबराची गादी होती आणि गुडघ्याचा कोन दाखवणारा छोटा पडदा त्याने स्वतःहून बसवला होता. त्यानंतर रोज रात्री तो तिच्याकडून आकडा आणि फोटो मागवू लागला. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘होईल गं सगळं नीट’ म्हणत असताना, ‘काल 85, आज 90, पण फोटोत कंबर उचललेली दिसते, म्हणून 87 धर’ असे लिहिणारा तो एकटाच होता. जिचे सगळे आयुष्य गुणफलकासमोर गेले, त्या मुलीला यातली माया कळायला वेळ लागला नाही.

ग्रुपवर मात्र दोनच बाजू आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की खेळ संपला म्हणून पोरगी मिळेल त्याच्या गळ्यात माळ घालते आहे, आणि मुलाकडच्यांची कुजबुज अशी की तिला आधार हवा होता म्हणून तिने भोळ्या मुलाला गाठले. दुसरी बाजू ‘किती मोठं मन’ असे लिहून हात जोडल्याची चित्रे टाकते. मला ही दुसरी बाजू अधिक खटकते, कारण तिला उलट उत्तर देणे अवघड असते. आपल्या राज्याच्या योजनेतही हाच सूर आहे. दिव्यांग व्यक्तीशी लग्न करणाऱ्या अव्यंग व्यक्तीला प्रोत्साहन म्हणून 2014 च्या शासन निर्णयाने 50,000 रुपयांचे साहाय्य ठरवले. गरजू जोडप्याला पैसे मिळावेत याला माझा विरोध नाही, पण लग्न हा एकाने दुसऱ्यावर केलेला उपकार आहे, असे सरकारनेच गृहीत धरावे का?

एका काकांनी तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मुलाचा कायदेशीर पालक नेमून घ्यावा असे सुचवले. हा मुलगा स्वतःच्या कमाईतून आईचे औषधपाणी करतो, हे काकांना माहीत आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याला वैध संमती देण्याची क्षमता लागते. स्वमग्न माणसाकडे ती नसतेच, असे तो कायदा म्हणत नाही. उलट 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा 21 प्रकारांत समावेश केला आणि कलम 13 मध्ये दिव्यांगांची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मान्य केली.

‘तुमच्याकडे बरं, कोणी विचारत नाही,’ असे मला मावशी लिहितात. नातेवाईक विचारत नाहीत हे खरे. मी इथे प्रौढ स्वमग्न व्यक्तींच्या एका केंद्रात स्वयंसेविका म्हणून जाते. तिथे कोणी कोणाबरोबर फिरायला जावे यात आत्या-काका पडत नाहीत, आणि वेगळे राहण्यासाठी मदतनीसही मिळू शकतो. मात्र विचारणारे सरकार आहे. कमी उत्पन्नाच्या दिव्यांगांना मिळणारा एसएसआय नावाचा निर्वाहभत्ता घेणाऱ्या एकट्या माणसाकडे 2,000 डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, जोडप्याकडे 3,000. ही मर्यादा 1989 पासून हललेली नाही. 2024 मध्ये एकट्याला महिना कमाल 943 डॉलर मिळत आणि नवरा-बायको दोघेही पात्र असले तर दोघांना मिळून 1,415, म्हणजे दुपटीपेक्षा बरेच कमी. जोडीदार कमावता असेल तर त्याची मिळकतही हिशेबात धरली जाते. कागदोपत्री लग्न न करता शेजारीपाजारी नवरा-बायको म्हणून वावरले, तरी भत्ता देणारे सरकारी खाते त्यांना विवाहित ठरवू शकते. त्यामुळे केंद्रातले एक जोडपे बाहेर एकमेकांची ओळख मित्र-मैत्रीण अशी करून देते आणि वेगवेगळ्या पत्त्यांवर राहते. आमच्या चाळीतली चौकशी निदान तोंडावर होते.

म्हणून मावशींच्या हेव्यात मला सहभागी होता येत नाही, आणि इथल्या एकांताचे गोडवे गाऊन मुंबईला धडा देण्याचीही इच्छा नाही. कोण कोणाला सांभाळणार, हे त्या दोघांनी आपसात ठरवलेले दिसते: बँकेत, दवाखान्यात, सरकारी कचेरीत बोलायचे ते ती बोलणार, तिच्या व्यायामाची नोंद, औषधांच्या वेळा आणि घरातले हिशेब तो पाहणार. ती आता मुलींना शिकवण्यासाठी प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करते आहे. त्यांची खरी अडचण जागेची आहे. लालबागच्या चाळीत गॅलरी सगळ्यांची, दारे दिवसभर उघडी आणि गणपतीत दहा दिवस ढोल-ताशे. पोटमाळ्याची शिडी तिचा गुडघा चढू देत नाही. दार लावून घेता येईल अशी खोली या शहरात श्रीमंतांनाच सहज मिळते, आणि स्वमग्न माणसाला तर ती औषधाइतकी लागते. लग्नाच्या हॉलचा खर्च उचलायला दोन्ही घरे तयार आहेत. दोघांनी मागितले आहे ते नालासोपाऱ्याच्या एका भाड्याच्या घराचे डिपॉझिट, आणि त्या निरोपाखाली अजून कोणी काही लिहिलेले नाही.