बिलासाठी मोबाईल नंबर सक्तीचा? नाही!

‘जीएसटीच्या नियमामुळे आता नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

जीएसटीच्या नियम ४६ मध्ये बिलावर काय काय हवं ते दिलंय. त्यात ग्राहकाचा मोबाईल नंबर कुठेच नाही. नोंदणी नसलेल्या ग्राहकाचं नाव-पत्ता लागतो, तोही ५० हजार किंवा त्याहून जास्त रकमेच्या खरेदीला. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो, तो आयकराचा नियम. त्याची इथे गल्लत होत असावी. उलट मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना नंबरासाठी अडून बसू नका, असं कळवलं होतं.

‘सिस्टीम पुढेच जात नाही हो,’ असं काउंटरवरची मुलगी म्हणते. तिच्यावर चिडू नका, सॉफ्टवेअर तिने बनवलेलं नाही. ‘नंबर द्यायचा नाही’ म्हटल्यावर परवा तिने दहा वेळा नऊ दाबला आणि माझं साबण-तेलाचं बिल सुरळीत निघालं.

घरपोच सामान किंवा पॉइंट हवे असतील तर नंबर द्या की. तो सौदा आहे, कायदा नव्हे.