‘दोन स्क्रूंचे काम’ या अभिप्रायास आमचे उत्तर

आदरणीय साहेब,

सप्रेम नमस्कार. आमच्या गोडोली, सातारा येथील गॅरेजला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. डिकीचा पोचा चांगला निघाला आणि रंगही जुळला, असे आपण त्यात म्हटले आहे, त्याबद्दल आभारी आहे. पुढे आपली तक्रार अशी की, नंबर प्लेट काढून पुन्हा लावणे हे ‘दोन स्क्रूंचे काम’ असताना आम्ही आपल्याला चार तास बसवून ठेवले, त्याचे 350 रुपये वेगळे लावले, प्लेटचा कोपरा वाकवला आणि ती साध्या बोल्टवर बसवून दिल्यामुळे पुण्याला जाताना पोलिसांनी आपल्याला अडवले. आपल्याला ताटकळत बसावे लागले याचे मला वाईट वाटते. 350 रुपयांचा आकडा मी तोंडी सांगितला होता, पण जॉब कार्डवर लिहिला नव्हता. ती चूक पूर्णपणे माझी आहे आणि त्याबद्दल क्षमा मागतो.

मात्र ‘दोन स्क्रूंचे काम’ हे शब्द मला फार लागले आहेत, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्या डिकीवर स्क्रू नव्हतेच. आपली गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदणी झालेली असल्यामुळे तिला उच्च सुरक्षा नंबर प्लेट मागाहून बसवली गेली, आणि ती स्नॅप लॉकवर बसवलेली होती. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 50 प्रमाणे मागची प्लेट अशा लॉकनेच बसवायची असते, जे काढता येत नाही आणि पुन्हा वापरताही येत नाही. एका गाडीची प्लेट काढून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये, हाच त्यामागचा हेतू आहे. त्यामुळे ते लॉक पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने सुटत नाही, ते तोडावेच लागते. पोचा नेमका प्लेटच्या मागे होता, तेव्हा प्लेट न काढता काम करण्याचा मार्ग नव्हता, आणि हे सकाळी 11 वाजता गाडी आत घेतानाच मी आपल्याला गाडीजवळ उभे राहून दाखवले होते.

लॉक तोडताना ड्रिल जरा जोरात गेले तर एक मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट फाटते, नाहीतर मागच्या पत्र्याला भोक पडते. प्लेट खराब झाली असती तर आपल्याला नवीन प्लेट ऑनलाइन मागवून फिटमेंट सेंटरची, म्हणजे अशा प्लेट बसवून देणाऱ्या अधिकृत केंद्राची, तारीख घ्यावी लागली असती. म्हणून डावे लॉक मी स्वतः मंद गतीने, प्लेटच्या मागे पातळ पट्टी सरकवून तोडले. उजवे लॉक ड्रिल लावताच जागेवर फिरू लागले. ते आतून धरण्यासाठी डिकीचे आतले कव्हर उतरवावे लागले, आणि तेव्हा असे दिसले की प्लेट बसवताना पाडलेल्या भोकाची कड उघडीच राहिली होती आणि तिच्याभोवती आठ आण्याच्या नाण्याएवढा गंज धरला होता. गाडी दर आठवड्याला परळी खोऱ्यात गावी जाते, असे आपणच बोलता बोलता सांगितले होते. तिकडच्या पावसात उघड्या पत्र्याचे दुसरे काय होणार? तो गंज पॉलिश पेपरने घासून मी प्रायमर लावला. त्याचे पैसे बिलात लावलेले नाहीत. तसाच ठेवून वरून रंग मारला असता तर आपल्या लक्षातही आले नसते, पण पुढच्या पावसाळ्यानंतर तिथे फुगवटा आला असता.

हे सारे दुपारी साडेबारापर्यंत आटोपले होते. उरलेला वेळ पोचा काढणे, पुट्टी, रंग, लॅकर आणि वाळवण्याच्या दिव्याखालचा होता. ओल्या लॅकरवर प्लेट दाबून बसवली असती तर तिची चौकट रंगात कायमची उमटली असती. म्हणजे चार तासांतला बराचसा वेळ प्लेटला नव्हे, तर आपण स्वतःच चांगले म्हटलेल्या त्या रंगकामाला लागला.

कोपऱ्याबद्दल लिहावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. दुसरे लॉक निघत नव्हते तेव्हा मी आतून कव्हर उतरवत होतो, आणि आपण बाकावरचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्लेटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून ती उचकटण्याचा प्रयत्न केला. आमच्या मुलाने आपल्याला थांबवले, त्याचा आवाज थोडा चढला, ते योग्य झाले नाही आणि त्याला मी समज दिली आहे. परंतु कोपरा तेव्हा वाकला, साहेब. सुदैवाने वरचा अशोकचक्राचा होलोग्राम आणि डाव्या बाजूला खाली लेझरने कोरलेला क्रमांक दोन्ही शाबूत आहेत. प्लेट बसवण्यापूर्वी मी ते आपल्यासमोरच पुसून पाहिले होते.

चारचाकीच्या दोन्ही प्लेट मिळून 745 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 879 रुपये 10 पैशांना आल्या आणि नुसती एक काढायचे 350 कसे, असे आपण विचारले आहे. तो दर प्लेट तयार करून बसवण्याचा आहे. न निघण्यासाठीच बनवलेली वस्तू इजा न होता काढण्याची मजुरी त्यात धरलेली नाही. नवीन स्नॅप लॉक बसवण्याचा अधिकार आमच्यासारख्या गॅरेजला नाही, म्हणून प्लेट तात्पुरती बोल्ट, वॉशर आणि नटवर बसवून, दुसऱ्याच दिवशी फिटमेंट सेंटरला जाऊन रीतसर लॉक लावून घ्या, असे मी चावी देताना सांगितले होते. आपल्याला रात्रीच पुण्याला निघायचे आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर आमच्या बिलावर तसा शेरा लिहून, सही-शिक्का करून दिला असता, म्हणजे रस्त्यात दाखवायला आपल्या हाती काहीतरी राहिले असते. यापुढे प्लेट काढावी लागणाऱ्या प्रत्येक गाडीच्या बिलावर तसे लिहून देऊ आणि इतरही सुधारणा करू.

हे गॅरेज 22 वर्षे चालले आहे आणि त्यावर माझ्यासह तीन घरे चालतात. आपला अभिप्राय आल्यापासून दोन गिऱ्हाइकांनी गाडी सोडण्याआधी मला त्याबद्दल विचारले, म्हणून हे उत्तर इतके लांबले. 350 पैकी पुन्हा बसवण्याचे 150 रुपये मी परत करण्यास तयार आहे. काढण्याचे 200 मात्र कष्टाचे आहेत, ते परत करणे मला पटत नाही. आपल्या दोन्ही तुटलेल्या लॉकचे तुकडे मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गल्ल्याच्या खणात ठेवले आहेत. इकडे येणे झाले तर ते अवश्य हातात घेऊन पाहावेत, आणि त्याच वेळी आपले 150 रुपयेही घेऊन जावेत.

आपला,
गॅरेजमालक