पिना वाकवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

रॅकमधल्या सर्व्हरचा प्रोसेसर बदलणं हे नाजूक काम आहे, असं काही घाबरट लोक सांगत फिरतात. मॅन्युअल वाचत बसल्यावर दुसरं काय होणार. परवा आमच्या सर्व्हर रूममध्ये एएमसीवाल्यांचे, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार घेतलेल्या कंपनीचे, इंजिनियर साहेब आले आणि त्यांनी हे काम ज्या बेफिकिरीने उरकलं, ते पाहून ही विद्या चार लोकांपर्यंत पोचवणं मला कर्तव्यच वाटलं. तुमच्यावरही कधीतरी नवा प्रोसेसर हातात घेऊन दुसऱ्याच्या सर्व्हरसमोर उभं राहायची वेळ येईल. तेव्हा ध्यानात ठेवा.

सकाळी अकराची वेळ ठरली असेल तर चारला पोचा. शुक्रवार असेल तर उत्तम. मधल्या वेळात ‘निघालोच सर, ट्रॅफिकमध्ये आहे’ एवढं अधूनमधून कळवत राहा. डाउनटाइम समोरच्याने मंजूर करून घेतलाय, बोलणी तो खाईल.

सर्व्हरला पॉवर सप्लाय दोन असतात. एकाचीच वायर काढा. शटडाउन केला तरी बोर्डावर स्टँडबाय वीज असते, सर्व्हरवर लांबून नजर ठेवणारा मॅनेजमेंट कंट्रोलर तिच्यावर जागा असतो, म्हणून दोन्ही वायरी काढून पॉवर बटण जरा वेळ दाबून धरायचं आणि मगच झाकण उघडायचं, असं छापलेलं आहे खरं. पण छापलेलं काय, करारात ‘चार तासांत प्रतिसाद’ हेही छापलेलं आहे.

अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा अँटिस्टॅटिक पट्टा मनगटाला बांधू नका, घड्याळ झाकलं जातं.

प्रोसेसर आणि हीटसिंक (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधली जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वगैरे लागत नाही, खिशात रुमाल असतो.

पंख्यांची हवा प्रोसेसरवर वळवणारं ते काळं प्लास्टिकचं श्राउड काढून जमिनीवर ठेवा आणि तिथेच राहू द्या. दोनशे वॉटचा प्रोसेसर तापला की पंखे बोंबलायला लागतात. लोकांना वाटतं, नवा प्रोसेसर काय जोरात चाललाय.

हीटसिंकच्या स्क्रूंपाशी १, २, ३, ४ असे आकडे असतात. त्या क्रमाने आवळायचं, उलट्या क्रमाने सोडवायचं, टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, १२ इंच-पाउंड. आपण हाताला लागेल तो स्क्रू फिरवावा. त्याला टी-३० टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, लागतो, तो अर्थातच आणायचा नाही. ‘सर, तुमच्याकडे टॉर्क्स असेल ना?’ असं विचारायचं.

आता मुख्य विधी.

२००४ साली इंटेलने एलजीए ७७५ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, आणलं आणि पिना प्रोसेसरच्या पोटाखालून काढून बोर्डावर बसवल्या. आधी पिन वाकली की प्रोसेसर वाया जायचा, म्हणजे तो घेऊन आलेल्याचा. आता बोर्ड वाया जातो, म्हणजे ज्याचा सर्व्हर त्याचा. आमच्या झिऑनचं, म्हणजे इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरचं, सॉकेट एलजीए ३६४७, म्हणजे तेवढ्याच पिना. एएमडीच्या एपिक प्रोसेसरच्या एसपी५ सॉकेटात ६,०९६ आहेत, तिकडे तर संधीच संधी. पिना कसल्या, केसासारख्या बारीक स्प्रिंगा त्या, कललेल्या. बोट लागलं तरी संपलं.

तर सॉकेट उघडं ठेवून आधी एक फोन घ्यावा. मी तेवढ्यात सॉकेटचा फोटो काढला, त्यावर साहेब हसले. ३६४७ मध्ये प्रोसेसर प्लास्टिकच्या कॅरियरमधून हीटसिंकला अडकवतात आणि ते सगळं धूड एकदम खाली उतरवतात. सोनेरी त्रिकोण जुळवायचा, भोकं दोन खुंट्यांवर आणायची, सरळ खाली सोडायचं. खुंट्याही मुद्दाम वेगवेगळ्या जाडीच्या केल्यात, कारण उलटं बसवणारे भेटणार हे बनवणाऱ्यांना माहीत होतं. साहेबांनी ते धूड एका हाताने आणि तिरकं उतरवलं. दुसऱ्या हातात फोन. बसेना. मग जरा सरकवलं. पिनांवर टेकलेलं असताना सरकवलं! मी म्हटलं, ‘अहो, सरळ वर उचला ना.’ तर म्हणे, ‘रोजचं काम आहे सर आमचं.’

सर्व्हर चालू केला तर दुसऱ्या प्रोसेसरच्या एका चॅनलवरची, म्हणजे प्रोसेसर ते रॅम या एका वाटेवरची, रॅम गायब. दुपारपर्यंत होती. निदान तयार: ‘रॅम गेलीय सर, वेगळा कॉल लॉग करा.’ तीच रॅम शेजारच्या स्लॉटमध्ये घातली, दिसली. तिथली चांगली रॅम या स्लॉटमध्ये आणली, गायब! आता यात न कळण्यासारखं काय आहे? मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, रॅमकडे जाणारी प्रत्येक लाइन या पिनांमधूनच जाते. पण नाही. बायोस अपडेट करून बघू. बॅटरी काढून लावू. ‘ओएसचा प्रॉब्लेम असेल सर.’ अहो, ओएस अजून सुरूच झालेली नाही!

शेवटी हीटसिंक परत काढायला लावला आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. सगळ्या रांगा एकसारख्या चमकत होत्या, एका कोपऱ्यात मात्र पिना आडव्या. आणि सर्व्हिस रिपोर्टवर काय लिहिलं? ‘सॉकेट पिन बेंट. कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज. वॉरंटीत बसत नाही. सही करा सर.’

कस्टमर इन्ड्यूस्ड? कस्टमरने त्या सॉकेटला बोट तरी लावलं होतं का? लाज वाटत नाही?

त्या पोराला मी फार बोलणार नाही. एएमसीवाल्यांनो, दिवसभर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बाइकवर पळवता त्याला. त्याने प्रोसेसर बसवायला कुणाकडून शिकायचं, यूट्यूबवरून? एक टॉर्क ड्रायव्हर, एक पट्टा, एकदा नीट बसवून घेतलेलं ट्रेनिंग, एवढंही परवडत नसेल तर दरवर्षी एएमसीचे पैसे कशाचे घेता? वाकलेली पिन तुमच्या माणसाची असते तेव्हा ती कस्टमरची कशी होते, हे एकदा लेखी द्या.

आणि आपण तरी काय करतो? सातची लोकल गाठायची म्हणून न वाचता सही ठोकतो. नका करू. प्रोसेसर निघाला की सॉकेटचा फोटो काढा, नवा बसण्याआधी परत काढा, त्याच्या डोळ्यांदेखत. तो हसू दे. रिपोर्टमध्ये खोटं लिहिलं असेल तर त्याच कागदावर ‘अमान्य’ लिहा आणि वेळ टाका.

माझ्याकडचा फोटो मेलवर पाठवलाय. त्यात प्रत्येक पिन सरळ आहे. बोर्ड बदलून द्या. तोवर कॉल बंद करायचा ओटीपी मागायला फोन करू नका, मिळणार नाही.