अण्णांनी दोनदा कापलेला फोन

मागच्या वर्षी आमचं पोरगं शाळेच्या ग्रुपबरोबर सिंगापूरला गेलं. आठवी-नववीतली ३८ पोरं, ४ शिक्षक आणि एक टूरवाला. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला (तिथं तीन वाजले होते) अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीच्या मार्केट यार्डात दुकानात हळदीचा हिशेब लावत बसले होते. ६५ नं सुरू होणाऱ्या नंबरवरून फोन आला. त्यांनी कापला. परत आला, परत कापला. बाहेरच्या देशातला फोन उचलायचा नाही, खातं रिकामं होतं, हे मीच त्यांना पढवलेलं. तिसऱ्यांदा शिवी हासडायला म्हणून उचलला, तर पलीकडं नातू. "अण्णा, मी धोबी घाटावर हाय."

अण्णांना वाटलं, कार्टं सांगून गेलं सिंगापूरला आणि आहे इथंच कृष्णेकाठी.

धोबी घाट हे तिथल्या मेट्रोचं स्टेशन. जमिनीखाली तीन लाइनी एकत्र येतात. ओळखीचं नाव दिसल्यावर पोरगं पाटीचा फोटो काढत थांबलं आणि बाकीची वरात गाडी बदलायला पुढं गेली. डब्यात सरांनी हजेरी घेतली. याच्या नावाला मित्रानं 'येस सर' ठोकून दिलं, त्याला वाटलं हा मागच्या दारापाशी असेल. ३८ भरले. वर्गात वर्षभर तेच चालतं, त्या पोराला मी दोष देत नाही.

याच्या मोबाइलची बॅटरी फोटो काढून काढून गेलेली. सरांनी तिथलं सिमकार्ड घेतलं होतं आणि तो नंबर आम्हा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. पोरांना द्यायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. याला तोंडपाठ नंबर एकच, दुकानाच्या पाटीवरचा. स्टेशनवरच्या माणसानं तो लावून दिला, दोनदा कापल्यावरही पुन्हा लावला. पोरानं एक गोष्ट मात्र बरोबर केली, जागा सोडली नाही. पंढरपूरच्या गर्दीत अण्णांनी दिलेली तंबी: चुकलास तर हलायचं नाही, हुडकणं आमचं काम. चाळीस मिनिटांत सर आले.

आता यंदाच्या सहलीची मीटिंग परवा झाली. दीड तासातला एक तास जेवणावर. थेपले किती न्यायचे, लोणचं चालतं का, शेंगाचटणी बॅगेत सांडली तर काय. मी विचारलं, एखाद्या पोराला दवाखान्यात ठेवावं लागलं तर त्याच्याजवळ कोण थांबणार? एक शिक्षक तिथं अडकला की ४ चे ३ झाले, मग उरलेल्यांचं काय? सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की मी अपशकुनच केला.

मला एवढंच म्हणायचंय की आकडा मोजणं म्हणजे पोरं सांभाळणं नव्हे. प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला नऊ-दहा पोरं नावानिशी द्या, आणि हजेरी तोंड बघून घ्या, आवाजावर नको. खिशात कागद ठेवा: हॉटेलचं नाव, सरांचा तिथला नंबर, पोलीस ९९९, ॲम्ब्युलन्स ९९५. मोबाइल मरतो, कागद मरत नाही. सगळे पासपोर्ट एकाच सरांच्या एकाच सॅकमध्ये ठेवायची पद्धत तर मला कळतच नाही. सॅक गेली तर पोलिसांत तक्रार, मग भारतीय उच्चायुक्तालयातून परतीचा कागद, तेही ३८ पोरांचे! निदान झेरॉक्स वेगळ्या बॅगेत असू देत. खोकल्याचं औषध टाकायच्या आधी त्यात कोडीन (अफूच्या जातीचं औषध) आहे का बघा, तिथं त्याचे नियम कडक आहेत.

आणि ज्यावर मीटिंगमध्ये कुणी तोंडच उघडत नाही ते. रात्री पोरांच्या खोलीत कुठलाही मोठा माणूस एकटा जाणार नाही, सर असोत, मॅडम असोत की टूरवाला. कुणी 'घरी सांगू नकोस' म्हटलं, तर तेच पहिल्यांदा घरी सांगायचं. हे मी पोराला जेवता जेवता सांगितलं. लाजला, पण ऐकलं.

अण्णा आता कुठलाही फोन उचलतात. परवा कुणीतरी पोलीस असल्याचं सांगत 'तुमच्या नावच्या पार्सलात ड्रग्ज सापडलंय' म्हणून धमकावत होता. अण्णांनी त्यालाच विचारलं, "ते राहू दे, पोरगं कुठाय?"